कडेवरची तपकिरी रेघ: लिओ बेकलँड आणि आमच्या किचनची सुटलेली पट्टी

आज नवा फोन नाही की नवं ॲप नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगतो. आपल्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेला माणूस, पण तुमच्या घरातल्या कुकरच्या दांड्यात, सनमायकाच्या कपाटात आणि थोडाफार तुमच्या चार्जरमध्येही तो आजही आहे. माझी त्याच्याशी ओळख झाली ती मात्र स्वयंपाकघरातल्या एका सुटलेल्या पट्टीमुळे.

झालं असं की, दोन वर्षांपूर्वी आम्ही रत्नागिरीत स्वतःच्या घरात राहायला आलो. त्याआधी आईने बावीस वर्षं भाड्याच्या घरांत, दुसऱ्याने बांधलेल्या ओट्यावर स्वयंपाक केला होता. नव्या किचनसाठी तिने भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. फोनवरचं सगळं मला कळतं असा घरात समज, म्हणून सामान निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी रात्र रात्र फोटो बघितले. पांढरंशुभ्र चकचकीत लॅमिनेट निवडलं. कडेला लावायची पट्टी, म्हणजे एज बँड, मात्र सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पातळ घेतली. मिस्त्रींनी एकदा विचारलं होतं की शेगडीजवळ आणि सिंकखाली जरा जाड पट्टी लावूया का. रंग जुळतोय ना, एवढंच मी बघितलं आणि नको म्हणालो.

पहिला पावसाळा गेला. गणपती येईपर्यंत शेगडीशेजारच्या शटरची पट्टी वळून बाहेर आली होती आणि सिंकखालच्या दाराची खालची कड फुगली होती. आई मला एक शब्द बोलली नाही. तिने पट्टीवर सेलोटेप लावली आणि कामाला लागली. ती सेलोटेप बघून मला जे वाटलं, ते ओरडा खाऊन वाटलं नसतं.

एका रविवारी मी ती पट्टी पूर्ण काढली आणि फोनचा टॉर्च लावून उघडी कड नीट बघितली. वहीची पानं एकावर एक रचावीत तसे प्लायचे थर होते. त्यांच्या वर, पांढऱ्या लॅमिनेटच्या बरोबर खाली, एक बारीक तपकिरी रेघ होती. माझं लॅमिनेट तर पांढरं होतं, मग ही तपकिरी रेघ कुठून आली? या एका प्रश्नाच्या मागे लागलो आणि पोचलो थेट बेल्जियमला, १८६३ सालात.

चांभाराचा मुलगा

लिओ बेकलँडचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधल्या गेंट शहरात झाला. वडील जोडे दुरुस्त करायचे, आई लोकांच्या घरी काम करायची. वडिलांना वाटत होतं की पोराने आपल्याच धंद्यात बसावं. आईला वाटत होतं की त्याने शिकावं. शेवटी आईचं ऐकलं गेलं, म्हणून ही गोष्ट पुढे सरकली.

पोराला फोटोग्राफीचं वेड होतं. त्या काळात फोटो काढायचा म्हणजे चांदीपासून बनवलेली रसायनं लागायची, आणि ती विकत घ्यायला पैसे नव्हते. असं सांगतात की वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी त्याने ॲसिडमध्ये विरघळवली आणि घरीच सिल्व्हर नायट्रेट तयार केलं. आज कुणी नव्या फोनसाठी असं काही केलं तर घरात काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

शहराकडून शिष्यवृत्ती मिळाली आणि सतराव्या वर्षाच्या आसपास तो गेंट विद्यापीठात गेला. १८८४ साली, जेमतेम एकविशीत, सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट. पुढे तो तिथेच शिकवू लागला आणि आपल्याच प्राध्यापकाच्या, थिओडोर स्वार्ट्स यांच्या, मुलीच्या म्हणजे सेलीनच्या प्रेमात पडला. १८८९ साली दोघांचं लग्न झालं. त्याच वर्षी प्रवासाची शिष्यवृत्ती घेऊन जोडपं अमेरिकेला गेलं आणि तिकडचंच झालं.

पहिला डाव: फोटोचा कागद

न्यूयॉर्कमध्ये त्याने फोटोचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. दोन वर्षांत ती सोडून स्वतःच सल्लागार झाला. एकाच वेळी चार-पाच शोधांच्या मागे लागला, आजारी पडला, पैसे संपले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ठरवलं की आता एकच काम हातात घ्यायचं, आणि ते शेवटपर्यंत न्यायचं.

ते एक काम म्हणजे वेलॉक्स नावाचा फोटोचा कागद. तेव्हा निगेटिव्हवरून फोटो छापायला उन्हाची वाट बघावी लागायची. ढग आले की काम बंद. बेकलँडचा कागद घरातल्या गॅसच्या दिव्यासमोर चालायचा. ऊन असो वा नसो, रात्री बसून फोटो छापा! १८९३ साली लिओनार्ड जेकोबी या भागीदाराबरोबर त्याने न्यूयॉर्कजवळच्या योंकर्समध्ये नेपेरा केमिकल कंपनी काढली. सुरुवातीला जुने फोटोग्राफर सवय सोडायला तयार नव्हते. हौशी लोकांनी मात्र कागद उचलून धरला. त्याच वर्षांत घरी मोठा घाव बसला. थोरली मुलगी जेनी लहानपणीच गेली.

१८९९ साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनने वेलॉक्स विकत घेतला. रक्कम कित्येक लाख डॉलर होती. चांभाराचा मुलगा पस्तिशीत श्रीमंत झाला. पण व्यवहारात एक मेख होती. पुढची अनेक वर्षं त्याला फोटोग्राफीच्या क्षेत्रात पाऊल टाकता येणार नव्हतं. ज्यात हात बसला होता, तेच दार बंद झालं.

त्याने योंकर्समध्ये हडसन नदीकाठी मोठं घर घेतलं, आवारातल्या तबेल्यात प्रयोगशाळा थाटली आणि विचार करू लागला की आता काय शोधायचं?

उत्तर होतं आपल्या पळसावर

इथे आपला देश गोष्टीत येतो. तेव्हा जगभर वीज पसरत होती. विजेच्या तारा, मोटारी, स्विच या सगळ्यांना असं काहीतरी लागतं जे वीज पलीकडे जाऊ देणार नाही. या कामासाठी शेलॅक, म्हणजे आपली लाख, वापरायचे. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या इवल्या किड्यांनी सोडलेली राळ. जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जायची, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून. फर्निचरचं पॉलिश, ग्रामोफोनच्या तबकड्या, बांगड्या, सगळीकडे लाख होती. किडे किती लाख देणार याला मर्यादा, मागणी मात्र वाढतच चाललेली. त्यामुळे भाव चढत गेले.

लाखेची दुसरी अडचण आपल्याला महाभारतापासून माहीत आहे. लाक्षागृह बांधायला दुर्योधनाला दुसरं काही सुचलं नाही, कारण लाख उष्णतेला टिकत नाही. आधी मऊ होते, मग पेट घेते. विजेच्या यंत्रात असं सामान म्हणजे डोक्याला ताप.

बेकलँडने ठरवलं की किड्याशिवाय लाख बनवायची. कच्चा माल दोन रसायनांचा. एक फिनॉल, जे दगडी कोळशाच्या डांबरातून निघतं. दुसरं फॉर्मल्डिहाइड. बारावीच्या लॅबमध्ये बरणीत बेडूक ठेवलेला असतो ना, त्यातलं फॉर्मलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइडचंच पाण्यातलं द्रावण. ही दोन रसायनं एकत्र केली की चिकट राळ बनते हे जर्मनीच्या अडॉल्फ फॉन बायरने १८७२ मध्येच पाहिलं होतं. पण ती राळ भांड्याला अशी चिकटायची की भांडंच फेकावं लागायचं. बाकीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिला कटकट म्हणून सोडून दिलं होतं.

बेकलँड आणि त्याचा सहायक नॅथॅनियल थर्लो यांनी आधी नोवोलॅक नावाची विरघळणारी राळ बनवली. लाखेला पर्याय म्हणून ती फारशी चालली नाही. मग त्याने दिशा बदलली, आणि ती दिशा होती लाकडाची.

लाकडातून बाहेर आलेलं उत्तर

हा भाग वाचून मी उठून बसलो होतो. बेकलँडला तेव्हा प्लास्टिक बनवायचं नव्हतं. त्याला लाकूड टणक करायचं होतं. वार्निश नुसतं वर बसतं. त्याच्या डोक्यात होतं की राळ लाकडाच्या रेषारेषांत मुरवायची आणि तिथेच तिला घट्ट करायचं. १९०७ च्या जूनमध्ये त्याने लाकडाचे तुकडे या मिश्रणात भिजवून तापवले. लाकूड काही मनासारखं टणक झालं नाही. पण लाकडातून जो रस बाहेर झिरपला होता, तो दगडासारखा कडक झाला होता. मग त्याने लाकूड बाजूला ठेवलं आणि त्या रसाच्या मागे लागला.

अडचण एकच होती. मिश्रण तापवलं की फसफसायचं, बुडबुडे व्हायचे आणि वस्तू स्पंजासारखी सच्छिद्र निघायची. म्हणून बाकी सगळे कमी आचेवर, हळूहळू करायचा प्रयत्न करत होते. बेकलँडने उलटं केलं. आच वाढवली आणि वरून जोरदार दाबही दिला. आपल्या कुकरसारखंच. दाबाखाली बुडबुड्यांना फुगायला जागाच मिळत नाही. या कामासाठी बनवलेल्या जाड लोखंडी पात्राला नाव पडलं बेकलायझर. बाहेर आला तो पिवळसर-तपकिरी, साच्याचा आकार हुबेहूब घेतलेला, कडक पदार्थ. त्याला ना उष्णता वितळवू शकत होती, ना पाणी आणि नेहमीची द्रावणं विरघळवू शकत होती. वीज त्यातून जात नव्हती. त्याने आपल्याच नावावरून त्याचं नाव ठेवलं बेकेलाइट. माणसाने पूर्णपणे रसायनांपासून बनवलेलं हे पहिलं प्लास्टिक.

तूप आणि भाकरी

इथे दोन मिनिटं थांबूया, कारण पुढे फर्निचर निवडताना हेच उपयोगी पडणार आहे.

प्लास्टिकच्या दोन जाती असतात. पहिली तुपासारखी. तूप तापवलं की पातळ, गार झालं की घट्ट, परत तापवलं की परत पातळ. हे कितीही वेळा करा. याला थर्मोप्लास्टिक म्हणतात. पाण्याची बाटली, पीव्हीसीचा पाइप आणि बाजारातल्या बहुतेक एज बँड पट्ट्या या जातीच्या.

दुसरी भाकरीसारखी. एकदा तव्यावर भाजली की झालं. परत तापवली तर करपेल, पण तिचं पुन्हा पीठ होणार नाही. याला थर्मोसेट म्हणतात. बेकेलाइट या जातीचं. तापवताना त्याचे रेणू एकमेकांना चारी बाजूंनी असे पक्के बांधले जातात की पुन्हा सुटत नाहीत. कुकरचा काळा दांडा शेगडीवर रोज तापूनही वाकत नाही, त्याचं कारण हेच.

एका दिवसाने चुकलेला माणूस

१३ जुलै १९०७ रोजी बेकलँडने उष्णता आणि दाबाच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न नावाचे इंजिनिअर जवळपास त्याच गोष्टीवर काम करत होते. ते पेटंट कार्यालयात पोचले तेव्हा त्यांना कळलं की बेकलँडचा अर्ज एक दिवस आधीच तिथे आलेला आहे. पुढे दोघं कोर्टात भांडत बसले नाहीत. बेकेलाइटची ब्रिटनमधली कंपनी उभी राहिली, तेव्हा स्विनबर्नच तिचे अध्यक्ष झाले.

फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कला रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत बेकलँडने आपला शोध जाहीर केला आणि १९१० मध्ये जनरल बेकेलाइट कंपनी सुरू झाली. त्यानंतर टेलिफोन, रेडिओ, मोटारगाड्यांचे विजेचे भाग, स्विच, बटणं असं सगळं बेकेलाइटमध्ये यायला लागलं. कंपनीच्या चिन्हात चक्क अनंताची खूण होती. १९२४ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा आला आणि त्याच वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

आणि आता ती रेघ

माझ्या किचनची गोष्ट इथे जुळते. अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत डॅनिएल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर हे दोन इंजिनिअर होते. विजेच्या यंत्रांत तेव्हा अभ्रक, म्हणजे मायका, वापरायचे, आणि ते महाग पडायचं. त्यांना सुचलं की कापडाचे किंवा कागदाचे थर बेकेलाइटच्या राळेत भिजवायचे, एकावर एक ठेवायचे आणि उष्णता देऊन दाबायचे. पातळ, कडक, वीजरोधक पत्रा तयार! मायकाच्या ऐवजी म्हणून त्यांनी १९१३ मध्ये काढलेल्या कंपनीचं नाव फॉर्मायका ठेवलं. आपल्याकडे रुळलेल्या सनमायका या नावातही मायका आहेच, पण पत्र्यात अभ्रकाचा कणही नसतो.

पुढे हा पत्रा विजेच्या यंत्रातून उठून टेबलावर आला. फिनॉलची राळ मुळात तपकिरी, त्यामुळे पांढरा किंवा फिकट रंग तिच्यात जमेना. म्हणून १९३० च्या दशकात वरचा रंगीत कागद मेलामाइन नावाच्या दुसऱ्या, पारदर्शक राळेत भिजवायला लागले. खाली जाड तपकिरी कागद आणि फिनॉलची राळ मात्र तशीच राहिली. आजही लॅमिनेट असंच बनतं. म्हणून पांढऱ्या सनमायकाच्या कडेला तपकिरी किंवा काळपट रेघ दिसते. मी टॉर्चमध्ये बघितलेली रेघ तीच होती.

नुसतं लॅमिनेटच नाही. पूर्वी प्लायचे थर जनावरांच्या सरसाने किंवा तसल्याच गोंदाने चिकटवायचे. पाणी लागलं की थर सुटायचे. १९३० च्या दशकात फिनॉलची राळ प्लायमध्ये आली आणि पाण्याला टिकणारा प्लाय बनायला लागला. ज्या लाकडात राळ मुरवायला बेकलँड निघाला होता, तिथे ती अशी पंचवीस वर्षांनी पोचली.

तुमच्या स्वस्त चार्जरमधला किंवा रिमोटमधला तपकिरी बोर्ड बघितलाय कधी? तोही बऱ्याचदा फिनॉलमध्ये भिजवलेला कागदच असतो. फोनमधला बोर्ड काचेच्या धाग्यांचा आणि इपॉक्सी राळेचा असतो, पण रीत तीच आहे. थर, राळ, उष्णता, दाब.

शेवटची वर्षं

म्हातारपणी बेकलँड एकलकोंडा होत गेला. फ्लोरिडाला समुद्रकाठी त्याचं घर होतं. तिथे बागेत रमायचा, आपल्या बोटीवर फिरायचा आणि बऱ्याचदा डबाबंद खाण्यावर भागवायचा. मुलाशी, जॉर्जशी, कंपनीवरून पटेना. १९३९ मध्ये त्याने कंपनी युनियन कार्बाइडला विकली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावी एका सॅनेटोरियममध्ये त्याचं निधन झालं. वय होतं ऐंशी.

कौतुक करताना एक गोष्ट लपवायला नको. भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, हाच बेकेलाइटचा गुण आणि हाच दोष. ते वितळवून नवं काही बनवता येत नाही. फेकलं की पडून राहतं. आणि फॉर्मल्डिहाइड ज्या बोर्डांमध्ये वापरतात, विशेषतः युरियाच्या राळेच्या स्वस्त बोर्डांत, तिथून त्याचा थोडा थोडा वायू नंतरही सुटत राहतो. उघड्या कडांमधून तो जास्त सुटतो. म्हणजे कड झाकणं हे नुसतं दिसण्यापुरतं काम नाही.

मग पट्टी कुठली घ्यायची?

आता मी जे आधी वाचायला हवं होतं, ते तुम्हाला सांगतो.

१. आधी बोर्ड बघा. एमआर प्लायमध्ये सहसा युरियाची राळ असते. ओलावा थोडाफार सोसते, पाणी नाही. सिंकखाली बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० चा प्लाय बरा, कारण त्यात फिनॉलची राळ असते. फळीवर आयएसआय शिक्का असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाका. शिक्का खरा आहे का ते लगेच कळतं. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफच्या कडा पाणी शोषून फुगतात, तिथे पट्टीत कंजुषी नकोच.

२. कागदी मेलामाइन पट्टी. मागे गोंद लावलेलीच येते, इस्त्रीने चिकटते, स्वस्त. कपड्यांच्या कोरड्या कपाटातल्या आतल्या फळ्यांना चालेल. किचनला नको.

३. पीव्हीसी पट्टी. बाजारात हीच सगळ्यात जास्त. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची पट्टी आतल्या फळ्यांना ठीक. शटरला ०.८ किंवा १ मिलिमीटर घ्या. टेबल आणि जिथे धक्के लागतात तिथे २ मिलिमीटर, कारण तिची कड गोल करता येते. पण ही तूप-जात आहे, शेगडीजवळ मऊ पडू शकते. रुंदी १८ मिलिमीटरच्या बोर्डाला २२ घेतात आणि जास्तीची छाटतात.

४. एबीएस पट्टी. यात क्लोरीन नसतं आणि ती पीव्हीसीपेक्षा थोडी जास्त उष्णता सोसते. किंमत जास्त.

५. व्हिनियर पट्टी किंवा लाकडी लिपिंग. व्हिनियरच्या फर्निचरला खऱ्या लाकडाचीच पट्टी शोभते, पण पॉलिश करावं लागतं. सागाचं लिपिंग जुनी पद्धत आहे. मार लागला तर रंधा मारून, पॉलिश करून परत नीट करता येतं. हे प्लास्टिकच्या पट्टीत जमत नाही.

६. सगळ्यात महत्त्वाचं, गोंद विचारा. मशीनवर बहुतेक ठिकाणी ईव्हीए नावाचा गरम गोंद वापरतात. तोही तूप-जात. गरम करून लावतात, गार झाला की पकडतो आणि परत तापला की ढिला पडतो. पीयूआर नावाचा गोंद भाकरी-जात. तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो आणि मग वितळत नाही. महाग असतो, सगळ्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही. पण सिंक, शेगडी आणि ओव्हनच्या आजूबाजूच्या शटरपुरता तरी मागा.

७. चारही कडा बंद करून घ्या. दाराची खालची कड कुणाला दिसत नाही म्हणून बऱ्याचदा उघडी सोडतात. पाणी तिथूनच चढतं. सामान ताब्यात घेताना खाली बोट फिरवून बघा.

माझी चूक काय होती ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. मी फोनवर रंग बघितला. गोंद आणि उष्णता फोटोत दिसत नाहीत. बेकलँडची राळ आत आपलं काम चोख करत होती. प्लायचा एक थरही सुटला नव्हता. फुगलं ते सिंकखालचं दार, जे आम्ही पैसे वाचवायला पार्टिकल बोर्डाचं केलं होतं आणि ज्याची खालची कड उघडीच राहिली होती. शेगडीजवळची पट्टी गेली, कारण पातळ पट्टीही तूप आणि तिच्यामागचा गोंदही तूप.

सगळं किचन बदलायची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. सिंकखालचं एक दार नवीन केलं, आयएस ७१० च्या प्लायचं, चारही बाजूंनी बंद. शेगडीजवळची दोन शटरं उतरवून रिक्षाने वर्कशॉपला नेली आणि १ मिलिमीटरची एबीएस पट्टी पीयूआर गोंदाने लावून आणली. पैसे माझ्या पहिल्या दोन पगारांतले. मिस्त्री बसवायला आले तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकलं की गेल्या वेळी त्यांचं ऐकायला हवं होतं.

त्यावर एक पावसाळा जाऊन आता दुसरा चालू आहे. परवा आई शेगडीजवळ उभी होती, कुकरची वाफ शटरवर येत होती. तिने ओल्या फडक्याने कड पुसली, अंगठ्याने एकदा दाबून बघितली आणि डाळीला फोडणी द्यायला वळली. सेलोटेपचं रीळ परत माझ्या टेबलाच्या खणात आलंय.